अठरा आठवड्यांची हमी, बारा आठवड्यांची मुदत

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने, म्हणजे एनएचएसने, रुग्णाला दिलेली हमी १८ आठवड्यांची आहे. फॅमिली डॉक्टरने तज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली की तिथून १८ आठवड्यांच्या आत उपचार सुरू व्हायला हवेत. दिवसांत मोजलं तर १२६. रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला आपण आमवात म्हणतो, त्याचं औषध मात्र लक्षणं दिसल्यापासून तीन महिन्यांच्या आत सुरू व्हावं, अशी युलार या युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. तीन महिने म्हणजे ढोबळमानाने १२ आठवडे, ८४ दिवस.

आता हिशोब करू. एखाद्या बाईची बोटं सुजली, त्याच दिवशी ती डॉक्टरकडे गेली, त्याच दिवशी तिला चिठ्ठी मिळाली आणि एनएचएसने आपली हमी अगदी शेवटच्या दिवशी पाळली. तरीही तिचं औषध ४२ दिवस उशिरा सुरू झालं. कागदोपत्री कुणाचंच काही चुकलेलं नाही. सरकारी तक्त्यात ही बाई ‘वेळेत उपचार मिळालेल्यां’मध्येच मोजली जाईल.

आणि बोटं सुजली त्याच दिवशी डॉक्टरकडे जाणारं माणूस प्रत्यक्षात जवळजवळ नसतंच. म्हणून संधिवाततज्ज्ञाच्या भेटीसाठी किती थांबावं लागतं, हा प्रश्न रुग्णालयाच्या प्रतीक्षायादीपाशी सुरू करून चालत नाही. तो बराच आधी सुरू होतो. इंग्लंडने या आजाराच्या प्रतीक्षेची मोजणी तपशिलात केली आहे, त्यामुळे तिथले आकडे हाताशी धरून नेमका वेळ कुठे जातो ते पाहता येतं.

बारा आठवडेच का?

आमवातात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सांध्याच्या आतलं नाजूक अस्तर सुजतं, जाड होतं आणि शेजारची कूर्चा व हाड कुरतडू लागतं. सूज औषधाने उतरते, पण कुरतडलेलं हाड पुन्हा भरून येत नाही. वेदनाशामक गोळीने दुखणं कमी होतं, तरी आतलं कुरतडणं थांबत नाही. ते थांबवणारी औषधं वेगळी आहेत. त्यातलं जुनं, स्वस्त आणि आजही पहिल्या पसंतीचं औषध म्हणजे आठवड्यातून एकदाच घ्यायचं मेथोट्रेक्झेट. त्याचा परिणाम दिसायलाही काही आठवडे लागतात. म्हणजे तज्ज्ञाची भेट झाली, गोळी सुरू झाली, तरी वाट पाहणं पुढे काही काळ चालूच राहतं.

उशिराची किंमत किती, हे नेदरलँड्समधल्या लायडन शहरातल्या अभ्यासाने मोजलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात सुरुवातीच्या टप्प्यातल्या सांध्यांच्या सुजेचे १,६७४ रुग्ण होते. त्यातल्या ५९८ जणांना आमवात होता. या ५९८ पैकी लक्षणं सुरू झाल्यापासून १२ आठवड्यांत तज्ज्ञापर्यंत पोहोचलेले फक्त ३१ टक्के. उरलेल्या ६९ टक्क्यांत पुढच्या सहा वर्षांत सांधे खराब होण्याचा वेग १.३ पट होता. औषध पूर्ण बंद करूनही आजार शांत राहण्याची शक्यताही त्यांच्यात बरीच कमी आढळली. असा अभ्यास निरीक्षणावर आधारलेला असतो, प्रयोग म्हणून कुणाला मुद्दाम उशिरा औषध देता येत नाही. पण दिशा स्पष्ट आहे, आणि त्याच दिशेने जाणारे निष्कर्ष इतरत्रही निघालेले आहेत.

ही आकडेवारी वाचताना १.३ हा आकडा किरकोळ वाटण्याचा धोका आहे. सहा वर्षं, दोन हात, दोन पाय आणि त्यातले लहानमोठे सगळे सांधे एवढ्यावर तो लागू होतो. शर्टाचं बटण लावणं, बाटलीचं झाकण उघडणं, पोळी लाटणं, पेन धरणं ही कामं याच सांध्यांची. एनएचएसच्या आमवाताच्या रुग्णांपैकी तीन चतुर्थांश जणांना हे निदान कमावत्या वयात होतं, आणि आजार सुरू झाल्यापासून दोन वर्षांत साधारण एक तृतीयांश जणांचं काम सुटतं. हे दोन्ही आकडे तिथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसच्या जुलै २००९ च्या अहवालातले आहेत. आपल्याकडे जसं कॅग, तसं तिथे हे ऑफिस. सरकारी खर्चाचा हिशोब पाहणाऱ्यांनी एका आजाराच्या उशिराचा हिशोब मांडायला घ्यावा, यावरूनच त्याचं गांभीर्य कळतं.

रांग एक नाही, तीन आहेत

तज्ज्ञापर्यंत पोहोचण्याचे तीन टप्पे आहेत. सूज आल्यापासून रुग्ण पहिल्यांदा डॉक्टरकडे जाईपर्यंतचा काळ, तिथून चिठ्ठी मिळेपर्यंतचा काळ, आणि चिठ्ठी मिळाल्यापासून तज्ज्ञ प्रत्यक्ष तपासेपर्यंतचा काळ. सरकारची १८ आठवड्यांची मोजणी यातल्या फक्त तिसऱ्याला लागू होते.

बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी २००७ मध्ये आमवाताच्या १६९ रुग्णांचे हे तिन्ही टप्पे वेगवेगळे मोजले. लक्षणांपासून तज्ज्ञाच्या तपासणीपर्यंत मध्यक काळ २३ आठवडे निघाला. मध्यक म्हणजे निम्म्या रुग्णांना त्याहून कमी आणि निम्म्यांना त्याहून जास्त वेळ लागला. त्यात रुग्ण स्वतः डॉक्टरकडे जाईपर्यंतचा मध्यक १२ आठवडे, डॉक्टरकडून चिठ्ठी मिळेपर्यंत २ आठवडे आणि रुग्णालयाची प्रतीक्षा ३ आठवडे. बेरीज केली तर १७ येतात, २३ नव्हे. यात गणिताची चूक नाही. एकाच रुग्णाचे तिन्ही टप्पे लांबतात असं नसतं. कुणी घरीच अडकतं, कुणी डॉक्टरकडे, कुणी रुग्णालयाच्या यादीत, आणि अशा प्रत्येकाचा एकूण काळ लांबतो. मध्यकांची बेरीज एकूण मध्यकाइतकी यावी असा नियम नाही, हे लक्षात ठेवलं तर अशा अनेक बातम्या नीट वाचता येतात.

या आकड्यांत मला सर्वांत जास्त खटकतो तो पहिला, १२ आठवड्यांचा. निम्म्या रुग्णांची अख्खी मुदत घरीच संपली होती. त्यानंतर रुग्णालयाने दुसऱ्या दिवशी बोलावलं असतं तरी उशीर झालेलाच होता.

लायडनमध्ये चित्र उलटं होतं. तिथे रुग्ण लवकर गेले, मध्यक २.४ आठवडे. पण फॅमिली डॉक्टरकडून तज्ज्ञाकडे पोहोचायला मध्यक ८ आठवडे लागले. एकूण मध्यक १३.७. युरोपातल्या दहा केंद्रांची तुलना २०११ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात एकूण विलंबाचा मध्यक २४ आठवडे होता आणि १२ आठवड्यांत तज्ज्ञापर्यंत पोहोचलेल्यांचं प्रमाण एका टोकाला ८ टक्के, दुसऱ्या टोकाला ४२ टक्के. सर्वांत चांगल्या केंद्रातसुद्धा निम्म्याहून अधिक रुग्ण मुदतीबाहेर होते. प्रत्येक ठिकाणची अडकण्याची जागा निराळी. म्हणून बर्मिंगहॅमला लागू पडणारा उपाय लायडनला पडेलच असं नाही, आणि एखाद्या शहरात नुसते तज्ज्ञ वाढवल्याने हा उशीर आपोआप संपेल असंही नाही.

बर्मिंगहॅममध्ये भारतीय उपखंडातून गेलेल्या कुटुंबांची मोठी वस्ती आहे. त्याच संशोधक गटाने २०१० मध्ये दाखवलं की दक्षिण आशियाई वंशाचे रुग्ण फॅमिली डॉक्टरकडे जायला इतरांपेक्षा जास्त उशीर करतात. औषधांबद्दलची भीती, घरगुती आणि पर्यायी उपचारांवरचा भरवसा, आजाराबद्दलच्या समजुती अशी कारणं पुढे आली. एनएचएसमध्ये डॉक्टरच्या भेटीला पैसे पडत नाहीत. तरीही हा उशीर होतो, तेव्हा पैशाशिवायही काहीतरी आड येतं, हे मान्य करावं लागतं. सांधे दुखणं म्हणजे वय झालं, थंडी लागली, वात झाला, कामाचा ताण पडला, हे आपल्या घरातलं बोलणं हजारो मैलांवरही सोबत गेलेलं असतं.

डॉक्टरच्या खुर्चीतून

फॅमिली डॉक्टरला दोष देणं सोपं आहे. नॅशनल ऑडिट ऑफिसच्या अहवालानुसार तज्ज्ञाकडे चिठ्ठी मिळण्याआधी रुग्ण सरासरी चार वेळा फॅमिली डॉक्टरकडे गेलेला असतो, आणि १८ टक्के रुग्णांना आठहून जास्त खेपा घालाव्या लागतात. आठ खेपांमध्ये प्रत्येक वेळी थोडं पेनकिलर, थोडी विश्रांती, ‘पुढच्या महिन्यात बघू’. रुग्णाच्या बाजूने हे संतापजनक आहेच.

पण डॉक्टरसमोर येणारी गर्दीही पाहू. तीच गर्दी महाराष्ट्रात मोजली गेली आहे. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने जागतिक आरोग्य संघटनेच्या कॉपकॉर्ड कार्यक्रमाखाली घरोघरी जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे १८.२ टक्क्यांना, हाडा-स्नायू-सांध्यांचं दुखणं होतं. आमवात मात्र साधारण अर्धा टक्का, म्हणजे वीसेक जणांना. दुखण्याची तक्रार असलेल्या छत्तीस-सदतीस माणसांमागे एक आमवाताचा रुग्ण. बाकीच्यांमध्ये कंबर, मान, झिजलेला गुडघा, शेतातल्या कामाने भरलेले स्नायू.

इंग्लंडमध्ये हे प्रमाण डॉक्टरच्या अनुभवावर कसं उतरतं ते २००९ च्या अहवालातल्या आकड्यांवरून काढता येतं. तिथे वर्षाला आमवाताचे सुमारे २६,००० नवे रुग्ण निघतात आणि फॅमिली डॉक्टर तीस हजारांच्या वर आहेत. म्हणजे एका डॉक्टरच्या वाट्याला वर्षाकाठी सरासरी एकही नवा रुग्ण येत नाही. सांधेदुखीचे लोक मात्र रोज येतात. वर्षभरातल्या शेकडो दुखऱ्या सांध्यांमधून तो एक ओळखायचा, तोही रक्ताचे रिपोर्ट सुरुवातीला अनेकदा नॉर्मल असताना.

म्हणूनच तिथल्या नाइस या संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये एक वाक्य फार मोलाचं आहे. सांध्यांच्या सुजेचा संशय असेल तर रक्तातली सूज दाखवणारी तपासणी किंवा रुमॅटॉइड फॅक्टर निगेटिव्ह आला तरी तज्ज्ञाकडे पाठवा. हातापायांचे लहान सांधे धरले असतील, एकाहून जास्त सांधे सुजले असतील, किंवा लक्षणं सुरू होऊन तीन महिने उलटले असतील, तर तातडीने पाठवा. रिपोर्टची वाट पाहत चिठ्ठी अडवू नका. आपल्याकडेही ‘आरए फॅक्टर निगेटिव्ह आहे, तुम्हाला संधिवात नाही’ असं सांगून परत पाठवलेले रुग्ण मी पाहिले आहेत. त्या एका रिपोर्टच्या कागदावर विसंबून किती महिने जातात, याची नोंद कुणीच ठेवत नाही.

तीन दिवस, तीन आठवडे, सहा आठवडे

१८ आठवड्यांची सरसकट हमी या आजाराला पुरणार नाही, हे इंग्लंडमधल्या यंत्रणेला माहीत नव्हतं असं नाही. नाइसने २०१३ मध्ये वेगळी मानकं आखली. संशयित रुग्णाला फॅमिली डॉक्टरने तीन कामकाजाच्या दिवसांत तज्ज्ञाकडे पाठवावं, तज्ज्ञाने तीन आठवड्यांत तपासावं, आणि चिठ्ठीपासून सहा आठवड्यांत आजार आटोक्यात आणणारं औषध सुरू व्हावं. त्याच सुमारास, २०१३-१४ पासून, हे वेळापत्रक पाळणाऱ्या रुग्णालयांना पैसे देण्याचा वेगळा दरही ठरवण्यात आला.

मग इंग्लंड आणि वेल्सच्या राष्ट्रीय तपासणीने हे किती पाळलं जातं ते मोजलं. २०१४ मध्ये सुरू झालेल्या या तपासणीचा पहिला वार्षिक अहवाल जानेवारी २०१६ मध्ये आला. तीन दिवसांत चिठ्ठी मिळालेले रुग्ण १७ टक्के. तीन आठवड्यांत तज्ज्ञाने तपासलेले ३८ टक्के. सहा आठवड्यांत औषध सुरू झालेले ५३ टक्के.

हे तीन आकडे शेजारी ठेवून वाचले की एक गोष्ट लक्षात येते. सर्वांत वाईट कामगिरी पहिल्या पायरीवर आहे आणि सर्वांत बरी शेवटच्या. रुग्ण एकदा तज्ज्ञासमोर बसला की निर्णय लवकर होतात, अनेकदा रुग्णालय हातचा गेलेला वेळ थोडा भरूनही काढतं. वेळ जातो तो त्या खुर्चीपर्यंत पोहोचण्यात.

याच शाखेतले इतर आजार पाहिले तर मुदतीचा अर्थ आणखी बदलतो. पन्नाशीनंतर कानशिलाच्या धमनीला सूज येणाऱ्या जायंट सेल आर्टेरायटिसमध्ये दृष्टी कायमची जाऊ शकते. तिथल्या तज्ज्ञांच्या संघटनेची सूचना अशी की असा रुग्ण शक्यतो त्याच दिवशी, आणि फार तर तीन कामकाजाच्या दिवसांत, तज्ज्ञाने पाहावा. दुसऱ्या टोकाला पाठीच्या कण्याचा दाहक संधिवात. तरुण वयात कंबर आखडते, रात्री पहाटे जास्त दुखतं, हालचालीने बरं वाटतं. ब्रिटनमध्ये या आजाराचं निदान व्हायला सरासरी साडेआठ वर्षं लागतात. रुग्ण संघटनेने २०२१ मध्ये हा काळ एका वर्षावर आणण्याची मोहीम हाती घेतली. साडेआठ वर्षांत पंचविशीतला मुलगा तिशी ओलांडतो, आणि तोवर मणके एकमेकांना चिकटू लागलेले असू शकतात. हे सगळे एकाच ओपीडीचे रुग्ण आहेत. एकाला तीन दिवसांत पाहायचं, एकाला तीन आठवड्यांत, एकाला कुणी आठ वर्षं ओळखलेलंच नाही, आणि मोठ्या सरकारी तक्त्यात तिघांची मुदत १८ आठवडे.

मोठा तक्ता काय लपवतो

त्या मोठ्या तक्त्याची अवस्थाही सांगितली पाहिजे. नियम असा की यादीतल्या ९२ टक्के रुग्णांची प्रतीक्षा १८ आठवड्यांच्या आत असावी. २०१६ नंतर देशपातळीवर हा नियम एकदाही पाळला गेलेला नाही. कोविड येण्याआधी, फेब्रुवारी २०२० मध्ये, प्रमाण ८३ टक्क्यांवर आलं होतं आणि यादीत ४५ लाखांच्या वर नोंदी होत्या. सप्टेंबर २०२३ मध्ये नोंदी ७७ लाखांच्या पुढे गेल्या. २०२४ मध्ये १८ आठवड्यांच्या आत असलेल्यांचं प्रमाण ५९ टक्क्यांच्या आसपास होतं. सरकारने मार्च २०२६ पर्यंत ६५ टक्के आणि मार्च २०२९ पर्यंत पुन्हा ९२ टक्के असं उद्दिष्ट जाहीर केलं. हे आकडे सर्व शाखा मिळून आहेत, संधिवाताची शाखा त्यातला एक भाग.

यातला ७७ लाखांचा आकडा वर्तमानपत्रांत ‘७७ लाख रुग्ण’ म्हणून छापला गेला. प्रत्यक्षात त्या नोंदी आहेत. एकच माणूस दोन विभागांच्या यादीत असेल तर दोनदा मोजला जातो. माणसं मोजली तर ती सुमारे ६५ लाख भरत होती. संधिवाताच्या रुग्णांना हे विशेष लागू पडतं, कारण त्यांना डोळे, फुफ्फुस, त्वचा, मूत्रपिंड अशा विभागांतही जावं लागतं.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर वाटते. ही मोजणी पहिला उपचार सुरू झाला की थांबते. संधिवात हा आयुष्यभराचा आजार आहे. मेथोट्रेक्झेट सुरू केलं तर यकृत आणि रक्तपेशी तपासत राहावं लागतं, मात्रा वाढवावी लागते, न जमल्यास दुसरं औषध जोडावं लागतं. पहिल्या वर्षात रुग्णाला वारंवार पाहणं हा उपचाराचाच भाग आहे. पण फेरतपासणीची तारीख चार महिने पुढे गेली, तर तो उशीर १८ आठवड्यांच्या तक्त्यात कुठेच दिसत नाही. नव्या रुग्णांचे आकडे सुधारण्यासाठी जुन्या रुग्णांच्या तारखा पुढे ढकलायच्या, असा मोह व्यवस्थेला होऊ शकतो, आणि तसं झालं तर तक्ता मात्र सुधारलेला दिसेल.

तिसरी गोष्ट शेजाऱ्यांची. एकाच बेटावर वेल्सचा नियम २६ आठवड्यांचा आहे, आणि स्कॉटलंड बाह्यरुग्णाच्या पहिल्या भेटीसाठी १२ आठवडे धरतं. त्यामुळे ‘ब्रिटनमध्ये इतके टक्के वेळेत’ असं वाक्य दिसलं की आधी कुठल्या वेळेत, कुठून कुठवर, असं विचारावं.

माणसं किती हवीत

ब्रिटिश सोसायटी फॉर रुमॅटॉलॉजीच्या शिफारशीनुसार ६०,००० ते ८०,००० लोकसंख्येमागे एक पूर्णवेळ संधिवाततज्ज्ञ हवा. अमेरिकेत तज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ चे आकडे पायाला धरून अंदाज काढला, त्यात २०३० पर्यंत गरज ही उपलब्ध तज्ज्ञांच्या दुपटीवर जाईल असं निघालं. तुटवडा श्रीमंत देशांतही आहे, कारण ही शाखा शिकायला वर्षं लागतात आणि आयुर्मान वाढलं तसे रुग्ण वाढत आहेत.

८०,००० चं माप महाराष्ट्राला लावून पाहू. २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या ११,२३,७४,३३३ होती. त्या हिशोबाने सुमारे १,४०० संधिवाततज्ज्ञ हवेत. त्याच्या जवळपासही संख्या राज्यात नाही, आणि जे आहेत ते मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत एकवटलेले आहेत. गडचिरोली, नंदुरबार, हिंगोलीच्या रुग्णाला आधी एसटी किंवा रेल्वे, मग राहण्याची सोय, मग डॉक्टर. बुडालेल्या मजुरीचा हिशोब वेगळाच.

पण १,४०० च्या आकड्याने हात गळून पडू नयेत, म्हणून दुसऱ्या बाजूनेही मोजून पाहिलं. राज्यातले प्रौढ सात कोटी धरू. भिगवणच्या अर्ध्या टक्क्याने आमवाताचे रुग्ण साडेतीन लाख होतात. प्रत्येकाला तज्ज्ञाने वर्षातून दोनदा वीस-वीस मिनिटं पाहिलं, तर सुमारे २ लाख ३३ हजार तास लागतील. एक तज्ज्ञ वर्षाला १,५०० तास ओपीडीत बसतो असं मानलं, तर दीडशेच्या वर, साधारण १५६ तज्ज्ञ पुरतात. हा ढोबळ हिशोब आहे. नव्या रुग्णाला दोन भेटी पुरत नाहीत, स्थिरावलेल्याला कदाचित एकही पुरते, आणि ल्युपससारखे इतर आजार यात धरलेले नाहीत. तरीही १,४०० आणि १५६ या दोन आकड्यांमधलं अंतर महत्त्वाचं आहे. ज्यांना तज्ज्ञाची गरज आहे नेमके तेच त्याच्यासमोर पोहोचले, तर काम आवाक्यातलं आहे. झिजलेल्या गुडघ्याचे आणि कंबरदुखीचे रुग्ण त्याच रांगेत उभे राहिले, की कितीही तज्ज्ञ कमीच पडतील. निवड व्हायला हवी ती तालुक्याच्या पातळीवर, पहिल्या डॉक्टरकडे.

लायडनने हेच केलं होतं. १९९३ मध्ये त्यांनी फक्त नव्याने सुजलेल्या सांध्यांसाठी वेगळा दवाखाना सुरू केला. फॅमिली डॉक्टरला एवढंच सांगितलं की सूज दिसली की लगेच पाठवा, निदान आम्ही करू. निदानाची जबाबदारी उचलली गेल्यावर पाठवणाऱ्याचा संकोच कमी झाला.

आणि पैशाचं काय? नॅशनल ऑडिट ऑफिसने २००९ मध्ये अंदाज दिला की आमवातावर एनएचएसचा वर्षाचा खर्च ५६ कोटी पौंड आहे, तर आजारपणाच्या रजा आणि सुटलेल्या नोकऱ्यांमुळे अर्थव्यवस्थेचं नुकसान १८० कोटी पौंड. त्या वेळी लक्षणांपासून तीन महिन्यांत उपचार मिळणारे रुग्ण फक्त १० टक्के होते. ते २० टक्के केले तर पाच वर्षांत एनएचएसचा खर्च १ कोटी १० लाख पौंडांनी वाढेल, पण माणसं कामावर टिकल्याने ३ कोटी १० लाख पौंडांचा फायदा होईल, असं गणित त्यांनी मांडलं. खर्च आरोग्य खात्याच्या वहीत पडतो, फायदा कारखान्यांच्या, कार्यालयांच्या आणि घरांच्या. दोन वह्या एकत्र वाचणारा कुणी नसेल तर असा निर्णय रखडतो.

भारतात तज्ज्ञाच्या भेटीसाठी किती दिवस लागले याचे असे मासिक राष्ट्रीय आकडे प्रसिद्ध होत नाहीत. केसपेपरवर आजची तारीख असते, सूज कधी आली ती तारीख नसते. ती लिहायला यंत्र लागत नाही, निधी लागत नाही. जिल्हा रुग्णालयं आणि वैद्यकीय महाविद्यालयांच्या ओपीडीत सांधेदुखीच्या प्रत्येक नव्या केसपेपरवर ‘पहिली सूज केव्हा’ एवढी एक ओळ सक्तीची करावी. सहा महिन्यांत आपल्याकडचा वेळ घरी जातो, पहिल्या डॉक्टरकडे जातो, की शहरातल्या रांगेत जातो, ते कळेल, आणि मग पैसा कुठे लावायचा तेही.

तोवर वाचकांना एवढंच सांगणं आहे. सकाळी उठल्यावर हाताची बोटं अर्ध्या तासाहून जास्त आखडलेली राहत असतील, बोटांच्या मुळाशी किंवा मनगटात सूज असेल, हस्तांदोलन करताना पंजा दाबला की कळ येत असेल, आणि हे दोन-तीन आठवडे टिकलं असेल, तर रिपोर्ट नॉर्मल असला तरी डॉक्टरकडे संधिवाततज्ज्ञाची चिठ्ठी मागा. घरात आईची, मावशीची, काकांची बोटं सुजलेली दिसली तर त्यांना वयाच्या नावावर थांबवू नका. सूज पहिल्यांदा आली ती तारीख कॅलेंडरवर लिहा आणि डॉक्टरला तीच आधी सांगा.